छर्रे मिळेनात तेव्हा तोंडावर ‘नाही’ सांगणारं दुकान : पुण्यातल्या एअर रायफलवाल्या काकांचा रिव्ह्यू

साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

दुकान पुण्यात, पेठेत. नाव टाकत नाहीये कारण काकांनीच सांगितलंय की ताई, आत्ता कुठे नाव नका लिहू, जी पोरं चार वर्षं माझ्याकडे येतायत त्यांनाच छऱ्यांचे डबे पुरवताना नाकी नऊ आलेत, त्यात अजून पन्नास जणांचे फोन सुरू झाले तर मी कुणाकुणाला तोंड देऊ. शूटिंग रेंजवर जाणारे दोन ओळींत ओळखतील. बाकीच्यांनी हे वाचून आपल्या शहरात असा माणूस कोण आहे ते शोधा, कारण २०२० पासून या खेळात सामान मिळवणं हीच अर्धी लढाई झालीये आणि कुणावर विश्वास ठेवायचा हे मला बरेच पैसे आणि लेकीची एक अख्खी स्पर्धा घालवून कळलंय.

आम्ही कोल्हापूरचे. लेक सोळाची, दहा मीटर एअर रायफल मारते, २०२१ ला लॉकडाऊन उठल्यावर सुरू केलं. आमच्याकडे या खेळाचं वेड नवीन नाही, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत इथल्याच, आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमधून ब्राँझ आणलं तेव्हा तर पुढच्या आठवड्यात रेंजवर नवीन पोरांना उभं राहायला जागा नव्हती. आनंदच आहे. पण पोरं वाढली की पेलेट, म्हणजे छर्रे, पण लागतात आणि चांगले मॅच पेलेट येतात बाहेरून, जर्मनीतून, चेक रिपब्लिकमधून, चीनमधून. पोरं एका आठवड्यात वाढतात, डबे नाही वाढत.

खर्चाचा हिशोब आधी सांगते म्हणजे बाहेरच्या माणसाला अंदाज येईल. माझी लेक दिवसाला साधारण १२० शॉट मारते, महिन्याचे २५ दिवस धरले तर ३००० पेलेट. डब्यात ५०० असतात. म्हणजे महिन्याला ६ डबे, आणि हे एका पोरीचं. क्लबमध्ये तीसेक पोरं आहेत, सगळी एवढं नाही मारत, पण महिन्याला शंभर डबे लागतातच.

आणि नुसते डबे नाही, एकाच लॉटचे डबे. हे मला सुरुवातीला अजिबात कळलं नव्हतं. मला वाटायचं छर्रा म्हणजे छर्रा, शिशाचा दाणा, रंग तोच, डबा तोच, काय फरक पडतोय. नंतर तिच्या कोच सरांनी एक पेलेट माझ्या तळहातावर ठेवून दाखवला. साडेचार मिलिमीटरचा, वजन ०.५३ ग्रॅम, कमरेत बारीक, अगदी डमरूसारखा, पुढून सपाट म्हणजे कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं, आणि मागून पोकळ. त्या मागच्या पोकळ घेराला स्कर्ट म्हणतात आणि तो इतका पातळ असतो की नखाने दाबला तरी वाकतो. हवा मागून त्या स्कर्टला फुगवते, तो बॅरलला घट्ट बसतो आणि फिरत बाहेर पडतो. स्कर्ट एका बाजूने जरा जरी दबलेला असेल तर पेलेट सरळ जाणार नाही. शिवाय डोक्याचा साईज वेगळा असतो, डब्यावर ४.४९, ४.५० असं लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक रायफलला कुठला मानवतो ते मारूनच कळतं. त्यातही त्याच कंपनीचा त्याच साईजचा डबा असला तरी कारखान्यात ज्या दिवशी साचा किंवा शिसं बदललं त्या दिवसापासून लॉट बदलला. रायफलीला एक लॉट आवडतो, दुसरा आवडत नाही, त्याला इलाज नाही.

आता हे किती महत्त्वाचं? दहा मीटरच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. मार्क दशांशात देतात, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९, आणि पेलेट पाव मिलिमीटर बाहेर सरकला की एक दशांश गेला. पाव मिलिमीटर! मॅचला ६० शॉट असतात. प्रत्येक शॉटमागे सरासरी एक दशांश जरी पेलेटमुळे गेला तरी ६ मार्क गेले, आणि स्टेट लेव्हलला ६ मार्कांत किती पोरी बसतात ते रिझल्टची शीट बघितलेल्या आईबापांना विचारा.

म्हणून या खेळात टंचाई म्हणजे दुकानात माल नाही एवढंच नसतं. तांदूळ मिळाला नाही तर दुसरा तांदूळ शिजवता येतो. इथं दुसरा डबा मिळाला तरी तुमचा लॉट गेलेलाच असतो, परत रायफल सेट करा, परत झिरो करा म्हणजे नेम मधल्या ठिपक्याला जुळवा, परत पोरीच्या डोक्यात शंका.

तर झालं काय ते सांगते. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या नेहमीच्या दुकानात डबे संपले. पुढच्या महिन्यात येतील म्हणाले, मग दिवाळीत म्हणाले. स्पर्धा तोंडावर. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडे दिसले म्हणून दहा डबे मागवले, भाव नेहमीच्या दीडपट, पण म्हटलं मिळतायत हेच नशीब. डबे आले तेव्हा दोन डब्यांची झाकणं चेपलेली, लॉट नंबर बघितले तर दहा डब्यांत चार वेगवेगळे. मला तेव्हा एवढं कळत नव्हतं, लेकीला दिले. नंतर एका डब्यातले पेलेट पंचावर ओतून भिंगाने बघितले, ५०० पैकी ३८ चे स्कर्ट दबलेले होते, मोजून अडतीस. फोन केला तर म्हणे सील तोडलेला डबा परत घेत नाही. आता सील न तोडता आतला पेलेट कसा बघायचा ते त्यांनी सांगितलं नाही.

स्पर्धेत लेकीला ६०९.८ पडले. प्रॅक्टिसला ६१७ च्या खाली येत नव्हती. येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली ती थेट कराड येईपर्यंत बोलली नाही. आणि मला अजून सलतं ते हे नाही, स्कोअर काय, येतो जातो. त्यानंतर दोन महिने ती आणि तिचे सर तिची पोझिशन बदलत बसले. कोपर कुठे टेकतोय, बट प्लेट वर घे, श्वास कुठे सोडतेस, ट्रिगर झटकतेयस का. पोरगी बरोबर मारत होती, शॉट सुटल्यावर स्वतः सांगायची सर हा दहा-पाच असायला हवा, आणि स्क्रीनवर नऊ-आठ. असं रोज घडलं की पोरगी पेलेटवर शंका घेत नाही, स्वतःवर घेते. एवढ्याशा मुलीला आपला हात खोटा वाटायला लागणं यासारखं वाईट काही नाही या खेळात.

मग क्लबमधल्या एका मुलाच्या बाबांनी काकांचं नाव सांगितलं. म्हणाले जाताना रायफल घेऊन जा. मला वाटलं डबे आणायला रायफल कशाला.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, काचेचं कपाट, भिंतीवर जुनी टार्गेट लावलेली, आणि मागे एक लांब बोळासारखी जागा. काका स्वतः जुने शूटर, सत्तरीच्या आसपास, आवाज हळू. मी म्हटलं दहा डबे हवेत ०.५३ चे, ४.५० चे. काका म्हणाले, “नाहीत.” मी म्हटलं कपाटात दिसतायत की. म्हणाले, “ते आहेत, पण तुमच्या रायफलीला लागतील का ते तुम्हाला तरी माहितीये का? आधी कुठला लॉट मारत होतात?” मला लॉट नंबर सांगता येईना. लेकीला पण नाही. त्यांनी ओरडा नाही केला, फक्त म्हणाले रिकामा डबा कधी फेकायचा नाही ताई, त्यावरचं लेबल म्हणजे तुमची पावती.

मग त्यांनी त्या मागच्या बोळात लेकीची रायफल लाकडी चिमट्यात, म्हणजे व्हाइसमध्ये आवळली. हात नाही, खांदा नाही, श्वास नाही, माणसाची काही भानगडच नाही. समोर दहा मीटरवर कागद. आधी आमचे ऑनलाइनवाले पेलेट, पाच शॉट. कागद आणून दिव्याखाली धरला तर भोक लांबट, सरड्याच्या तोंडासारखं पसरलेलं, कॅलिपरने मोजलं तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साडेआठ मिलिमीटर. मग काकांनी त्यांच्याकडचे चार लॉट एकेक करून मारले. सात. साडेसहा. परत सात. चौथ्या लॉटला पाच शॉटचं मिळून एकच गोल भोक, साडेपाच मिलिमीटर, आणि पेलेटच साडेचारचा असतो हे लक्षात घ्या, म्हणजे पाचही जवळपास एकावर एक.

काकांनी ते दोन्ही कागद लेकीच्या हातात दिले आणि म्हणाले, “बघ बाळ, रायफल चिमट्यात होती. तू नव्हतीस.”

ती काही बोलली नाही. कागद मात्र अजून तिच्या टेबलाच्या काचेखाली आहेत.

त्या चौथ्या लॉटचे दुकानात सहा डबे होते. मला दोनच दिले. बाकीचे चार आधीच दुसऱ्या पोरांच्या नावावर, वहीत लिहिलेले, नाव, रायफल, लॉट, किती डबे बाकी. मी थोडा हट्ट केला, म्हटलं जास्त पैसे देते. काका म्हणाले भाव तोच राहील आणि डबे पण दोनच राहतील, पण पुढचा माल आला की तुमची रायफल वहीत आहे, मी फोन करेन. छापील किमतीला दिले, बिल दिलं, आधारची झेरॉक्स घेतली. ही झेरॉक्स बघून कुणी बिचकू नका, आपल्याकडे २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरची (म्हणजे हीच साडेचार मिलिमीटरवाली), २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्यायला लायसन्स लागत नाही, पण ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा विक्रेत्याने घ्यायचा असतो. जो घेत नाही त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

मी विचारलं काका हे कधी सुरळीत होणार. त्यांनी चहा मागवला आणि मग जे सांगितलं ते मी नंतर वाचून पण बघितलं, बरोबर आहे सगळं. सुरुवात २०२० ची. कोविडमध्ये कारखाने बंद पडले आणि त्याच वेळी अमेरिकेत लोकांनी बंदुका आणि गोळ्या घ्यायला झुंबड केली. रेमिंग्टनसारखी २०० वर्षं जुनी कंपनी त्याच वर्षी जुलैमध्ये दिवाळखोरीत गेली, मागणी आभाळाला आणि कारखाना कोर्टात, असली अवस्था. गोळ्या मिळेनात म्हणून तिकडची माणसं एअरगनकडे वळली आणि मग पेलेट पण संपायला लागले. मॅच पेलेट बनवणारे कारखाने जगात हाताच्या बोटावर मोजण्याइतके, मोठी बाजारपेठ ओढायला लागली की आपल्यासारख्यांच्या वाट्याला उरलंसुरलं.

मग फेब्रुवारी २०२२, युक्रेन. इथून पुढचं पेलेटपेक्षा पॉइंट टूटू, म्हणजे .२२ बोअरची गोळीची रायफल, आणि शॉटगनवाल्यांना जास्त लागलं, कारण त्यांच्या गोळीत दारू असते. लापुआ आणि एसके हे गोळ्यांचे ब्रँड नॅमो या नॉर्वे-फिनलंडच्या कंपनीचे, आणि तीच कंपनी तोफगोळे पण बनवते. मार्च २०२३ मध्ये युरोपियन युनियनने युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे द्यायचं ठरवलं. त्याच महिन्यात नॅमोच्या प्रमुखांनी जाहीर सांगितलं की आमचा कारखाना वाढवायला वीज नाही कारण शेजारी टिकटॉकचं डेटा सेंटर वीज घेतंय. म्हणजे बघा, लोक मोबाईलवर व्हिडिओ बघतायत आणि त्याच्या विजेवरून तिकडे दारूगोळ्याचं अडलं होतं.

दारूचं अजून एक. धूर न करणारी दारू बनते नायट्रोसेल्युलोजपासून आणि ते बनतं कापसापासून. जिनिंगमध्ये रुई काढून झाल्यावर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते ना, तिला लिंटर म्हणतात, ती. माझं माहेर यवतमाळकडचं, लहानपणी सरकीच्या ढिगावर खेळलेय, अंगाला ती लव चिकटायची आणि आई झटकून झटकून दमायची. ती लव युरोपचे कारखाने मोठ्या प्रमाणात चीनकडून घेतात आणि पुरवठा अडला की तोफगोळ्यापासून ते ट्रॅपच्या (हवेत उडवलेल्या थाळ्या शॉटगनने फोडायच्या तो खेळ, स्कीट पण तसलाच) काडतुसापर्यंत सगळं अडतं. हे ऐकून मी खरंच थक्क झाले. ज्या सरकीची पेंड आम्ही म्हशीला घालतो तिच्या अंगावरच्या लवेवर जगाचा दारूगोळा चालतो.

त्यात २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, युरोपचा माल सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून यायला लागला, दहा-पंधरा दिवस जास्त आणि भाडं वेगळं. आणि १५ सप्टेंबर २०२४ पासून चीनने अँटिमनीच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. अँटिमनी शिशाला कडकपणा देते, शॉटगनच्या छऱ्यात लागते, काही गोळ्यांच्या मागच्या टिकलीच्या मसाल्यात पण लागते. ट्रॅप-स्कीटवाल्या पोरांची अवस्था तर माझ्याने बघवत नाही. २४ ग्रॅम छऱ्याचं एक काडतूस, ते एकदा उडालं की गेलं, आणि एका ट्रॅप मॅचच्या क्वालिफिकेशनला १२५ टार्गेट, एका टार्गेटला दोन शॉट मारता येतात. हिशोब करा. आमच्या ओळखीचा एक मुलगा, भारी नजर आहे त्याची, तो गेल्या वर्षी चार महिने नुसती बंदूक उचलून फिरवायचा सराव करत होता, घरच्या गच्चीवर, पोपट उडाला की त्याच्या मागे नळी फिरवायची. काडतूस नव्हतंच.

लेकीच्या डोक्यात मधे ५० मीटरचं आलं होतं. पॉइंट टूटू थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून मारायचं, स्वप्नील दादासारखं. मी काकांना विचारलं. दुसरा कुणी दुकानदार असता तर लगेच जॅकेट, स्लिंग, स्कोप, सगळं दाखवायला काढलं असतं, आणि तो धंदा आहे, वाईट पण नाही. काकांनी विचारलं लायसन्स कुणाच्या नावावर होणार, वर्षाला किती राउंड मिळणार, क्लबकडे गोळ्यांचा कोटा आहे का आणि तो एका लॉटचा असतो का. मोठे शूटर बर्मिंगहॅमला एली या गोळ्यांच्या कंपनीच्या किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या टेस्ट रेंजवर स्वतःची रायफल घेऊन जातात, एकेक लॉट मारून बघतात आणि जो बसेल तो उचलतात. पण लॉट पास झाला म्हणजे तो तुमच्या घरी आला असं नाही, परवाना, कस्टम्स, जहाज, आणि गोळी म्हणजे स्फोटक माल म्हणून कुठलाही कुरियरवाला हात लावत नाही. काका म्हणाले, “एअरमध्ये अजून दोन वर्षं काढ. हवा कुठल्या देशातून आणावी लागत नाही.” त्यांचं गिऱ्हाईक गेलं त्यात, पण आमचे कितीतरी पैसे वाचले आणि पोरीचं मन एका जागी राहिलं.

तिने ऐकलं. रुद्रांक्ष पाटील, ठाण्याचा पोरगा, २०२२ ला कैरोत एअर रायफलमध्येच वर्ल्ड चॅम्पियन झाला, हे तिनेच मला सुनावलं घरी येताना.

आता अर्धा स्टार का कापला. एक म्हणजे फोन. काका फोन उचलत नाहीत. दुकानात गिऱ्हाईक असलं की फोन गल्ल्यात ठेवतात, आणि मेसेज संध्याकाळी बघतात, ते पण मनात आलं तर. कोल्हापूरहून पुणे म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर, हायवेचं सहा पदरीचं काम चाललंय त्यामुळे कधी पाच तास, कधी सात. एकदा गेलो तर दुकान बंद, नातवाचं बारसं होतं. बारसं महत्त्वाचं, मान्य, पण आदल्या दिवशी एक मेसेज टाकला असता तर आम्ही घरून निघालोच नसतो. दुसरं, सुटे भाग. रायफलच्या सिलिंडरचे ओ-रिंग, प्रोबचे सील असं बारीकसारीक त्यांच्याकडे कधी असतं कधी नसतं, आणि एका ओ-रिंगसाठी रायफल तीन आठवडे पडून राहिली तेव्हा खरंच जीव टांगणीला लागला होता. पेलेटची वही आहे तशी सुट्या भागांची पण हवी, मी त्यांना तोंडावर सांगितलंय. तिसरं, कुरियर करत नाहीत. कारण पटतं, त्यांनी मला एक डबा टेबलावरून खाली टाकून दाखवला आणि उघडून स्कर्ट दाखवले, डब्याच्या कडेच्या ओळीतले चेपलेलेच होते. पण नांदेड-जळगावच्या माणसाने काय करायचं? फोमच्या पेटीत नीट बांधून पाठवता येईल असं मला वाटतं, हातात आणलेल्या डब्यांनाही मी जुन्या उशीचा कापूस भरूनच आणते.

दोन डब्यांची मर्यादा आम्हालाही टोचली, खोटं नाही बोलणार. गेल्या वर्षी इझेकिएल या राज्य नेमबाजी स्पर्धेच्या आधी आमच्या लॉटचे दीडच डबे हातात होते, ७५० पेलेट, आणि स्पर्धा पाच आठवडे लांब. मी काकांवर चिडले पण. त्यांनी वही उघडून दाखवली, त्याच लॉटवर अजून तीन मुली, त्यातली एक साताऱ्याकडची, वडील ऊसतोडीच्या मुकादमाकडे कामाला. तिचे दोन डबे बाजूला ठेवलेले, पैसे अजून आलेले नव्हते. मी गप्प बसले. मग काकांनीच उपाय सांगितला. रोजचा सराव दुसऱ्या लॉटवर करायचा, साडेसहा मिलिमीटरचा होता तो, वाईट नाही, आणि तो डबा वेगळ्या रंगाच्या झाकणाचा करायचा म्हणजे पोरीला माहीत असेल की आज स्क्रीनवरचा दशांश बघायचा नाही, फक्त शॉट कसा सुटला ते बघायचं. आठवड्यातून एकदाच, मॅच मारायची तेव्हा चांगला लॉट. उरलेल्या दिवसांत रोज अर्धा तास ड्राय, पेलेट न घालता. पाच आठवड्यांत चांगल्या लॉटचे ४०० च गेले. ३५० घेऊन स्पर्धेला गेली, ६० मॅचचे, आधी सायटरचे म्हणजे न मोजल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉटचे, भरपूर होते. ६१९.२ मारले. माझ्या पोरीचे कष्ट आहेत ते, पण त्या पाच आठवड्यांचं गणित काकांचं.

एक गोष्ट इतर आईबापांसाठी. टंचाईच्या काळात कोणी म्हणालं की “सगळे सारखेच असतात मॅडम, घेऊन जा”, तर तिथून निघा. ब्रँडच्या नावावर पण जाऊ नका, आमच्या क्लबमध्ये एका मुलाच्या रायफलला महागातला जर्मन पेलेट मानवत नाही आणि त्याच्या अर्ध्या किमतीचा चिनी मानवतो, चिमट्यात मारून बघितलंय. आणि घाबरून पंचवीस-तीस डबे भरून ठेवू नका. मी पण केलं होतं ते, कपाटात डबे बघून बरं वाटतं, पण ते लॉट रायफलला बसलेच नाहीत तर ते शिसं आहे फक्त, आणि तुमच्या कपाटात पडलेला डबा कुणाच्या तरी रायफलचा नेमका लॉट असतो. माझ्याकडचे असे सात डबे मी काकांना परत दिले, त्यांनी टेस्ट करून चार पोरांना वाटून दिले आणि मला पैसे पाठवले, पैसे ज्या दिवशी आले त्या दिवशी प्रत्येक डबा कुठल्या गावाला गेला ते पण लिहून पाठवलं. हा मेसेज मात्र न विचारता आला.

मागच्या महिन्यात नवीन माल आला. फोन आलाच. रविवारी पहाटेच्या गाडीने गेलो, पाच लॉट मारले, यावेळी चिमटा लेकीनेच आवळला आणि कॅलिपर पण तिच्याच हातात होता. पाच-सहाचा एक ग्रुप मिळाला, म्हणजे ५.६ मिलिमीटर, जुन्या लॉटच्या तोडीचा. यावेळी सहा डबे मिळाले कारण माल बरा आला होता. वहीत एन्ट्री तिने स्वतः केली, काकांनी तिच्याकडे पेन सरकवलं.

जाणार असाल तर सकाळी अकरा ते एकच्या मध्ये जा, एक ते चार दुकान बंद असतं आणि सोमवारी सुट्टी. रायफल सोबत न्या आणि सिलिंडर २०० बार भरूनच न्या, तिथे भरायची सोय नाही. आधारची झेरॉक्स, सध्या मारताय त्या डब्याचं लेबल, आणि वेळ, निदान दोन तास. पार्किंग मिळत नाही, रिक्षाने जा.